एका खापरीने चाळीस वर्षं पळवली

मागच्या अपडेटमध्ये मी छाती ठोकून लिहिलं होतं ना, की आपण खणतोय त्या जुन्या घराच्या उत्तरेच्या भिंतीचा पाया १७२० च्या आसपासचा म्हणून? ते तूर्त मागे घेतो. शनिवारी बिल्डर्स ट्रेंचच्या (भिंत बांधताना खणून मग बुजवलेल्या चराच्या) मातीतून क्रीमवेअर, म्हणजे सायीच्या रंगाची चकचकीत चिनी मातीसारखी भांडी असतात त्यातली खापरी, निघाली. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, पण वेजवूड या इंग्लिश कुंभाराने हा माल १७६२ च्या सुमारास बाजारात आणला, म्हणजे ज्या चरात तो सापडला तो चर त्याआधी बुजवलेला असूच शकत नाही. झालं, घर चाळीस वर्षांनी तरुण!

आणि नळ्यांचं काय? त्याच चरातल्या तंबाखूच्या मातीच्या पाइपच्या १७ नळ्यांपैकी १४ च्या भोकात ५/६४ इंचाचा ड्रिल बिट घट्ट बसला होता, भोकाच्या मापावरून काळ सांगणाऱ्या हॅरिंग्टनच्या तक्त्यात ते १७१० ते १७५०. एवढ्या कमी, १७ नळ्यांवर बिनफर्डचं सूत्र (भोकांच्या सरासरीवरून वर्ष काढायचं) चालवू नका असं तुम्ही बजावलं होतं, मी चालवलं, आता गप्प बसतो.

मग जुन्या चरात ही नंतरची खापरी आली कशी? रविवारभर डोकं यातच. आधी वाटलं ग्राउंडहॉग या प्राण्याचं बीळ असेल, पण मातीत भुसभुशीत पट्टा कुठेच नाही. मग विटा चोरणाऱ्यांचा चर? तो पूर्वेला, आठ फूट लांब. मग वही काढली तर कोपऱ्यापासून खापरीचं अंतर लिहिलंय ३.६ फूट आणि माझ्याच अक्षरात खाली ३ फूट ६ इंच! दशांशवाला टेप आणि इंचवाला टेप एकाच बादलीत ठेवायची अक्कल माझीच. फरक सव्वा इंचाचा, पण चरच मुळात चार इंच रुंद आहे हो.

सोमवारी पहाटे पाऊस पडून गेला होता, म्हणून ऑफिसला जायच्या आधी साइटवर डोकावलो. ओल्या मातीत रंग उठून दिसतात हे तुम्हाला काय सांगायचं, पण या वेळी हातातली कॉफी थंड झाली. चिमणीच्या पायथ्याजवळ आमच्या पिवळट चराला कापत दुसरा, जरा करडा पट्टा गेलाय, आणि खापरी निघाली ती बरोब्बर तिथेच (दोन्ही टेपांनी मोजून पाहिलं). शिवाय चिमणीच्या विटा भिंतीत गुंतवलेल्याच नाहीत, नुसत्या चिकटवल्यात. भिंत कशी छान इंग्लिश बॉण्डमध्ये, एक थर हेडरचा (आडव्या विटांची टोकं बाहेर), एक स्ट्रेचरचा (लांब बाजू बाहेर), आणि चिमणीला तर कसलाच बॉण्ड नाही. चुनासुद्धा वेगळा वाटतोय, दोन्हीकडे शिंपल्यांचाच, पण चिमणीच्या चुन्यात ऑयस्टरचे अर्धवट भाजलेले मोठे तुकडे आहेत. आमच्या आजोळी कोकणात असा चुना कोणी घातला असता तर गवंड्याला हाकलला असता.

म्हणजे घर जुनं आणि चिमणी मागाहून? एवढ्यात नाचत नाही, एकदा तोंडावर पडलोय.

प्लॅन असा होता की दक्षिणेला नवीन पाच बाय पाचचं युनिट (खणायचा चौकोन) उघडायचं. लिहिता लिहिताच रद्द करतोय. आधी या सांध्यावर आडवा छेद, करडी माती वेगळ्या पिशवीत, वेगळा कॉन्टेक्स्ट नंबर (मातीच्या प्रत्येक थराचा नोंद क्रमांक). करड्यात क्रीमवेअर आणि पिवळटात फक्त नळ्या असं निघालं तर १७२० परत मैदानात. आणि हो, जुन्या पिशव्याही परत धुऊन बघाव्या लागणार, कारण तेव्हा दोन्ही माती आम्ही एकत्रच चाळली होती, अरे देवा.

जाता जाता, माती चाळायला पाव इंची जाळी म्हणून ऑनलाइन मागवली ती दुसऱ्याच शनिवारी फाटली, हार्डवेअरच्या दुकानातूनच घ्या. मार्शलटाउन कंपनीची ट्रॉवेल (थापी) मात्र चार वर्षं झाली, झिजून निम्मी राहिली तरी सोडवत नाही.

शुक्रवारी पाऊस हवाय, शनिवारी नको. इंचवाला टेप गॅरेजमध्ये टाकलाय.