हातात फक्त झाडाची फांदी

'द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये मला पहिल्यांदा मारलं ते थंडीने. ग्रेट प्लॅटो नावाच्या पठारावर गेम सुरू होतो. शंभर वर्षांच्या झोपेतून उठलेला लिंक, म्हणजे आपण, बाहेर येतो आणि एक दाढीवाला म्हातारा भेटतो. पठारावरून उतरायला पॅराग्लायडर लागतो, तो त्याच्याकडे असतो, आणि त्या बदल्यात तो श्राइनमधला, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या छोट्या देवळातला, खजिना मागतो. आधी एकाच श्राइनचं बोलतो, ते झालं की आणखी तीन वाढवतो. त्यातली दोन बर्फात. अंगात साधा सदरा घालून मी तिकडे चालत गेलो आणि कुणी बोट न लावता पडद्यावरची, उरलेला जीव दाखवणारी हृदयं हळूहळू विझत गेली.

गेम मार्च २०१७ मध्ये आला. माझ्याकडे यायला बराच उशीर झाला, कारण निन्टेंडोचा स्विच हा गेम कन्सोल आपल्याकडे अधिकृतपणे विकायला नव्हता. शेवटी बहिणीने येताना सिंगापूरहून आणला. सोबत भाचाही आला होता, त्याचा गेम केव्हाच संपला होता. त्यामुळे त्याला तोंड उघडू न देणं हे माझं पहिलं आव्हान. मी अट घातली होती: यूट्यूब बघणार नाही, आणि तू काही सांगायचं नाहीस.

थंडीवर उतारा सापडला तो मिरच्यांचा. पठारावर रानात लाल मिरच्या उगवतात. त्या चुलीवरच्या भांड्यात टाकून शिजवल्या आणि खाल्ल्या की काही वेळ थंडी बाधत नाही. पुढे कळलं की पेटती मशाल हातात धरूनही भागतं. म्हाताऱ्याच्या झोपडीत त्याची वही असते, तिच्यात एका पदार्थाची कृती आहे आणि त्यातला एक जिन्नस त्याला आठवत नाही. तो आपण ओळखून पदार्थ करून दिला तर तो खूश होऊन उबदार डगला देतो. मिरची, मशाल, डगला, यातलं काय वापरलं हे गेम विचारत नाही. बर्फ ओलांडला ना, झालं.

कोडी सुटायला लागली ती हे डोक्यात शिरल्यावर. याआधी मी खेळलेल्या गेममध्ये कोड्याला बनवणाऱ्याच्या मनातलं एकच उत्तर असायचं आणि आपण ते ओळखायचं. इथे उत्तराऐवजी नियम ठरलेले आहेत. २०१७ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडून सांगितलं होतं. पदार्थ कसे पडतात, आपटतात, घरंगळतात याचे नियम असतातच. त्यांनी त्यावर रसायनाचे नियम चढवले. आग, पाणी, वीज, वारा ही तत्त्वं वस्तूची अवस्था बदलतात, एकमेकांवरही परिणाम करतात. पण नुसती एक वस्तू दुसरीची अवस्था बदलत नाही. म्हणून गवत पेटतं, पेटलेल्या गवतावरची गरम हवा पॅराग्लायडरला वर उचलते, पावसात आग विझते, आणि गडगडाटात पाठीला लोखंडी तलवार असेल तर वीज थेट तुमच्यावर पडते. शेवटचा नियम मी एका टेकडीवर भर पावसात शिकलो. तलवारीतून ठिणग्या उडत होत्या आणि मी कौतुकाने बघत बसलो होतो.

मूळ गेममध्ये १२० श्राइन्स आहेत. चार श्राइन्स केली की एक हृदय किंवा दमाची थोडी वाढ मिळते. आत बहुतेक कोडीच. विजेच्या कोड्यांशी माझं चांगलं जमलं. एका श्राइनमध्ये विजेच्या गोळ्यापासून दारापर्यंत प्रवाह न्यायचा होता. मधे फट होती आणि त्यासाठी ठेवलेली लोखंडी पेटी काही केल्या नीट बसेना. तेव्हा मी आपल्या पिशवीतल्या लोखंडी तलवारी काढून एकापुढे एक जमिनीवर मांडल्या. वीज त्यांच्यातून धावली, दार उघडलं. तलवारी उचलल्या आणि पुढे चालू लागलो. भाचा म्हणाला, "मामा, हे चीटिंग आहे." चीटिंग कसलं? लोखंडातून वीज जाते हे त्यांनीच सांगितलं होतं.

हतेनो गावाजवळच्या श्राइनमध्ये मात्र त्याला राहवलं नाही. तिथे कंट्रोलर हातात धरून तिरका करायचा, तसा पडद्यावरचा भुलभुलैया तिरका होतो आणि आतला गोळा घरंगळतो. कंट्रोलर हलवून सोडवायची असली कोडी मला मुळीच आवडत नाहीत, सगळा राग मनगटावर निघतो. गोळा दर वेळी शेवटच्या वळणावर खाली पडत होता. पाठीमागून आवाज आला, "मामा, पालथं कर ना ते." पालथं केलं. भुलभुलैयाची खालची बाजू सपाट होती, भिंत नाही की वळण नाही. वरून पडलेला गोळा त्या सपाट पाठीवर झेलला, एक हलका झटका दिला, आणि तो उडून पलीकडे. अट मोडल्याबद्दल त्याला रागवायला हवं होतं, पण मी हसत होतो.

झोरांच्या, म्हणजे माशांसारख्या जलवासी लोकांच्या, राज्याकडे जाताना वेगळीच परीक्षा. एरवी या गेममध्ये कुठलाही कडा चढता येतो, पण तिथे सतत पाऊस, आणि ओल्या दगडावरून लिंक घसरतो. त्यामुळे मुकाट्याने रस्त्याने जायचं आणि वाटेतल्या लिझालफोसांचे, म्हणजे सरड्यासारख्या राक्षसांचे, विजेचे बाण चुकवायचे. तिथे पोहोचल्यावर राजपुत्र सिडॉन आपल्याला हत्तीच्या आकाराच्या अजस्र यंत्राशी, व्हा रुटाशी, लढायला तयार करतो. त्यासाठी विजेचे २० बाण लागतात, ते प्लॉयमस डोंगरावर झाडांच्या बुंध्यात रुतलेले आहेत, आणि त्या डोंगरावर लायनेल फिरतो.

लायनेल म्हणजे अर्धा घोडा, अर्धा सिंह, आणि त्या टप्प्यावर आपल्याला एका फटक्यात संपवणारा. तो दिसताक्षणी अंगावर येत नाही. आधी थांबतो, मान वळवतो आणि रोखून बघत राहतो. त्या दोनचार क्षणांत दगडाआड गेलात तर सुटलात. मी पूर्ण वाकून, झाडामागून झाडामागे सरकत, तो पाठमोरा झाला की एकेक बाण उपटत सगळे बाण जमवले. लढायचा विचारही मनात आणला नाही. नंतर वरच्या टोकावरून पॅराग्लायडर उघडून खालच्या जलाशयावर उडी घेतली तेव्हा आपण काही जिंकलो असं वाटलं नाही, नुसतं जीव मुठीत धरून निसटलो होतो. पण गेमच्या लेखी ते पास.

गार्डियनबद्दल थोडक्यात सांगतो. कोळ्यासारख्या पायांचं यंत्र, लाल ठिपका तुमच्यावर रोखून धरतं, टिकटिक वाढत जाते आणि लेझर सुटतो. लेझर सुटण्याच्या नेमक्या क्षणी ढाल पुढे ढकलली तर तो उलटून त्याच्यावरच जातो. भांड्याचं झाकण ढाल म्हणून धरलं तरी चालतं. पाय असलेल्या गार्डियनला असे तीन लेझर परत केले की तो फुटतो. हे कानाने करायचं असतं, डोळ्यांनी नाही. मी डोळे मिटून सराव केला आणि घरच्यांना वाटलं मला झोप लागली.

आता इव्हनटाइड. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

नकाशाच्या आग्नेय कोपऱ्यात, नेक्लुडाच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात हे बेट आहे. लुरेलिन या कोळीवाड्यातून तराफ्यावर शीड उभारून, झाडाच्या मोठ्या पानाने वारा घालत जाता येतं. मी तसाच गेलो. तोवर मी बऱ्यापैकी माजलो होतो. पिशवीत चांगल्या तलवारी, तीन प्रकारची धनुष्यं, शिजवलेल्या पदार्थांच्या रांगा. वाळूवर पाय ठेवला आणि एक आवाज आला: या बेटावर येणाऱ्याची परीक्षा होते. पुढच्या क्षणी सगळं गायब. तलवारी, ढाली, बाण, अन्न, अंगावरचे कपडेसुद्धा. लिंक चड्डीवर उभा. बेटावरचे तीन गोळे शोधून तीन चौथऱ्यांवर ठेवायचे. बेट सोडलं तर सामान परत मिळतं, पण परीक्षा रद्द. मधे सेव्ह करता येत नाही. मेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

शीका स्लेट, म्हणजे लिंकच्या कमरेची जादूची पाटी, मात्र राहते. म्हणजे बॉम्ब आहेत, लोखंड उचलणारं मॅग्नेसिस आहे, वस्तू क्षणभर गोठवणारं स्टेसिस आहे, पाण्यावर बर्फाचा खांब उभा करणारं क्रायोनिस आहे. पठारावर पहिल्या काही तासांत मिळालेल्या याच चार गोष्टी, ज्या मी मधल्या काळात चांगल्या तलवारींच्या नादात विसरलो होतो. वाळूवर खेकडे होते, नारळीसारख्या झाडांवर फळं होती. एक फांदी उचलली. फांदी हे या गेममधलं सगळ्यात टाकाऊ हत्यार, दोनचार फटक्यांत मोडते.

पहिल्यांदा मी त्या फांदीवर भरवसा ठेवून बोकोब्लिन नावाच्या राक्षसांच्या तळावर धावून गेलो. त्याचं जे व्हायचं ते झालं. नंतर मात्र वरून सुरुवात केली. उंचावर चढून गोल बॉम्ब उतारावरून सोडायचा, तो गडगडत खाली गेला की फोडायचा. बॉम्बचा मार तसा फार नाही, पण ते संपत नाहीत. स्फोटाने बोकोब्लिन उडून पडले की त्यांच्या हातची हत्यारं सुटतात, आणि ते उठायच्या आत खाली उतरून ती पळवायची. पहिली गदा अशी मिळाली, तिच्यावर धनुष्य मिळालं, धनुष्यावर बाण. शत्रूच्या जिवावर माझा संसार उभा राहत गेला. आणखी एक अडचण: गोळा उचलल्यावर कडा चढता येत नाही की पोहता येत नाही. त्यामुळे गोळा हाती यायच्या आधी वाट पाहून ठेवावी लागते, आणि हे बेट चालत ओलांडायला वाटतं तेवढं लहान नाही.

शेवटचा गोळा हिनॉक्सच्या गळ्यात. हिनॉक्स म्हणजे एकडोळ्या राक्षस, पोट वर करून घोरत पडलेला. त्याच्या उघड्या तळहातावर जाऊन उभं राहिलं की तो झोपेतच पोट खाजवायला हात उचलतो आणि आपल्याला आयतं छातीवर नेऊन सोडतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हात जमिनीवर पसरलेला दिसला आणि चढून बघावंसं वाटलं. हात वर गेला, मी पोटावर उतरलो, एक पाऊल, दोन पावलं, गोळा समोर, आणि डोळा उघडला.

मग पळापळ. तो झाडं मुळासकट उपटून फिरवतो. डोळ्यात बाण बसला तर खाली बसतो, तेवढ्यात जाऊन चार वार करायचे. पण तो शहाणा असतो, पुढे पुढे डोळ्यावर हात धरतो, आणि माझ्याकडे बाण मोजकेच. पायाशी बॉम्ब, मागे धाव, हात बाजूला झाला की बाण, असं चालू राहिलं. गदा मोडली. दुसरी मोडली. हत्यारं मोडतात म्हणून या गेमवर पुष्कळ टीका झाली आणि मीही ती पूर्वी हिरिरीने करायचो. या बेटावर ती तक्रार संपली. माझी चांगली तलवार टिकली असती तर मी तळहातावर चढून कशाला बघितलं असतं?

तो पडला तेव्हा माझ्याकडे अर्धं हृदय आणि एक भाजलेला खेकडा होता. गोळा चौथऱ्यावर ठेवला, श्राइन जमिनीतून वर आलं, आत काहीच कोडं नव्हतं, आणि सगळं सामान परत मिळालं. शिजवलेल्या पदार्थांच्या रांगा बघून मला थोडी लाजच वाटली. फारोनच्या जंगलातल्या ड्युरियनचे पदार्थ होते ते. दिसायला फणसाच्या भावकीतलं हे फळ, पाच एकत्र शिजवली की सगळी हृदयं भरून वर २० जास्तीची मिळतात. अशी शिदोरी जवळ असली की माणूस कुठलाही मार खात उभा राहतो आणि काही शिकत नाही. नकाशाभर लपवलेल्या ९०० कोरॉक बियांच्या मागे मी लागलो नाही. सगळ्या जमवल्यावर काय मिळतं हे भाच्याने हसत हसत सांगितलं आणि तो विषय मिटला.

सध्या मास्टर स्वोर्डच्या, म्हणजे लिंकच्या खास तलवारीच्या, परीक्षेत आहे. जून २०१७ मध्ये जोडून आलेला हा भाग म्हणजे इव्हनटाइडचाच मोठा भाऊ: ४५ खोल्या, तीन टप्पे, सुरुवातीला पुन्हा अंगावर काही नाही. टप्प्यात कुठेही मेलात तर त्या टप्प्याच्या पहिल्या खोलीत. एकेक टप्पा झाला की तलवारीची ताकद ३० वरून ४०, मग ५०, शेवटी ६० होते. पहिला टप्पा सगळ्यात छळतो असं बरेच जण म्हणतात, आणि पाण्यातल्या लाकडी मचाणांवर पहारा देणाऱ्या लिझालफोसांनी माझ्या तरी नाकी नऊ आणले. अखेर एक पळवाट सापडली. सामान काढून घेतात, पण खाल्लेल्या पदार्थाचा परिणाम अंगात राहतो. ताकद वाढवणारी चार केळी आणि ड्रॅगनच्या शिंगाचा एक तुकडा एकत्र शिजवला की मार अर्धा तास वाढलेला राहतो. ते खाऊन आत गेलो आणि पहिला टप्पा पार पडला.

मधल्या टप्प्यासाठी केळी जमवणं चालू आहे. याच केळ्यांवर लिंकच्या शत्रूंचा, यिगा टोळीचाही जीव आहे. त्यांच्या अड्ड्यात पहारेकऱ्यापुढे केळं टाकलं की तो पहारा सोडून तिकडे धावतो. भाचा म्हणतो की त्यांच्याच कोठारात केळी ठेवलेली असतात, जंगलात कशाला हिंडतोस? अट त्याने पुन्हा मोडली, पण आज रात्री तिकडेच जाणार आहे.