काळ्या वावरात ग्राउंड बॅलन्स जमवताना: माझा अनुभव

आंबिया बहाराची तोड चालू होती तेव्हा कळमेश्वरकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत आईची अंगठी पडली. बाबांनी दिलेली, म्हणून सोडून देणं शक्य नव्हतं. दोन दिवस हातांनी माती चाळली, मग नागपुरातून एक वापरलेला मेटल डिटेक्टर आणला. विकणारा म्हणाला, "ग्राउंड बॅलन्सच्या नॉबला हात नका लावू भाऊ, कंपनीतून लावूनच येते." हा नॉब म्हणजे मातीचा आवाज सोडून फक्त धातूचा ऐकायला यंत्राला लावायची कळ. त्या एका वाक्यापायी माझे आणखी दोन दिवस गेले. त्याचा राग अजून आहे.

घरी रेतीच्या ढिगावर यंत्र छान चाललं. वावरात मात्र कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, मातीजवळ नेली की ओरडायचं, उचलली की गप्प. आई धुऱ्यावरून विचारे, "काहून रे, हे सगळीकडेच वाजून राह्यलं?" मी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, कमी करत गेलो. आवाज थांबला, पण मग चार बोटं खोल पुरलेलं १० रुपयांचं नाणंसुद्धा सापडेना.

दोष आमच्या मातीचा होता. नागपूर बसाल्टच्या पूर्वेकडच्या कडेवर वसलंय. शहराच्या पूर्वेला जुने, वेगळे खडक लागतात, पण काटोल-कळमेश्वरकडची काळी जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातून झालेली आहे. तिच्यात लोहचुंबकी खनिजाचे बारीक कण असतात. जुन्या स्पीकरचं चुंबक पन्नीत गुंडाळून कोरड्या मातीतून फिरवा, काळा भुगा चिकटलेला दिसेल. कॉइलला तोच भुगा धातूसारखा ऐकू येतो. नॉब फिरवून आपण यंत्राला सांगायचं असतं की हा परतावा मातीचा आहे, तो सोड.

तिसऱ्या दिवशी नॉबला हात लावला. यंत्र ऑल मेटलवर, म्हणजे कुठल्याही धातूला वाजेल असं, आणि मागे बारीक गुणगुण ऐकू येईल एवढा थ्रेशोल्ड. कॉइल फूटभर उंचीवरून मातीच्या दोन बोटं वरपर्यंत खाली-वर, खाली-वर. माझ्या यंत्रात खाली नेताना आवाज वाढला तर नॉब डावीकडे फिरवायचा, वर उचलताना वाढला तर उजवीकडे. दोन्हीकडे गुणगुण सारखी राहिली की जमलं. काही यंत्रांत दिशा उलटी असते, एकदा फिरवून बघावं.

एवढं सोपं असून मला अर्धी सकाळ लागली. एक तर मी कॉइल फार हळू हलवत होतो. यंत्र गुणगुण स्वतःच सारखी करत राहतं, त्यामुळे सावकाश हलवलं तर मातीचा फरक ते गिळून टाकतं. सेकंदाला एक फेरी, अशा बेताने हलवल्यावर फरक कानाला कळू लागला. दुसरं म्हणजे मी नॉब गव्हाच्या दाण्याएवढा सरकवून थांबायचो. तो एका फेऱ्यात संपत नाही, माझा पावणेचार फेरे फिरतो. पहिल्यांदा अर्धा-अर्धा फेरा फिरवा. आवाजाची बाजू उलटली की मग बारीक करा.

आणि जागा! जिथे नॉब लावायचा तिथे आधी कॉइल आडवी फिरवून जमीन मोकळी आहे ना ते बघायचं. मी नेमका टेकूच्या बांबूपाशी उभा होतो आणि खाली बांधायच्या तारेचा तुकडा होता. तारेवर बॅलन्स कधीच बसत नाही. चार पावलं सरकलो आणि दहा मिनिटांत यंत्र शांत झालं. सेन्सिटिव्हिटी पुन्हा वाढवली आणि नाणं स्पष्ट वाजलं. त्या क्षणी जो आनंद झाला, तो अंगठी सापडल्यावरही झाला नाही.

ड्रिपची ओली माती आणि ओळींमधली कोरडी माती सारखी नसते. दर दोन-तीन ओळींनी मी पुन्हा बॅलन्स केला. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळायची सोय, मात्र लावलं नाही, कारण पातळ सोन्याची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी यंत्राला जवळपास सारखीच वाटते. म्हणून वाजेल ते सगळं उकरलं. अंगठी सातव्या ओळीत, पाचोळ्याखाली तीन बोटांवर होती. दोन्ही बाजूंनी कॉइल नेली तरी तोच नेटका आवाज.

ही आमची वस्तू, आमचं वावर, म्हणून मी बिनधास्त होतो. पण पुरलेलं जुनं काही हाती लागलं आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्या-देवळांच्या आवारात तर यंत्र नेऊच नये.

हो, मोबाइल खिशात ठेवू नका, आणि फावडं कॉइलपासून लांब टेका. आईने हातातल्या बांगड्या काढून ठेवल्यावरच मी तिला यंत्र धरायला दिलं. आठवी ओळ तिनेच फिरवली.