वटवट्यांच्या फोल्डरची हालहवाल

दिवाळीपासून जमवलेले वटवट्यांचे, म्हणजे वॉर्ब्लर या चिमुकल्या पक्ष्यांचे, सगळे फोटो एकदाचे तपासून झाले. जागा नेहमीच्याच: सासवडकडचं माळरान, दिवे घाटाच्या माथ्यावरच्या बाभळी आणि वेताळ टेकडी. राखी वटवट्या, शिंपी, चष्मेवाला हे आधीच बाजूला काढले, त्यांना डोकं खाजवावं लागत नाही. उरले ते तीन तपकिरी, अंगावर ना रेघ ना ठिपका: ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर, बूटेड आणि साइक्सचा वॉर्ब्लर.

रंगावरून ठरवणं यंदा बंद केलंय. बाभळीच्या सावलीत कॅमेरा सगळ्यांनाच हिरवट झाक देतो आणि तोच पक्षी उन्हात आला की गव्हाळ होतो. भुवईवरही, म्हणजे डोळ्यावरच्या फिकट पट्ट्यावर, फार विसंबू नये, मान जरा वळली की तिची लांबी बदललेली दिसते. म्हणून हल्ली फोटो उघडला की आधी शेपटीखाली बघतो.

ब्लिथ्सची शेपटी टोकाला गोलसर असते. तिच्या बुडाशी खालच्या बाजूला जी पिसं असतात ती लांब असतात, त्यामुळे पक्ष्याचा मागचा भाग भरल्यासारखा दिसतो. बूटेड आणि साइक्सची हीच पिसं आखूड, शेपटी टोकाला चौकोनी आणि तिच्या कडेच्या पिसांना पांढुरकी किनार. किनार दिसली तर उत्तम, पण पिसं झिजली किंवा फोटो जास्त उजळ आला की तिचा भरवसा नाही. पिसांची लांबी मात्र कुठल्याही उजेडात तीच राहते. थोडक्यात, पक्षी पाठमोरा, डोकं फांदीआड आणि ढुंगण आपल्याकडे, असा जो फोटो आपण घरी येताच उडवतो तोच खरा कामाचा. मी आता काहीच उडवत नाही. हार्ड डिस्क रडतेय, रडू दे.

बूटेड की साइक्स, हे खरं दुखणं. बूटेडची चोच आखूड, खालच्या चोचीच्या टोकाशी गडद डाग, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत आणि तिच्यावर बारीकशी काळपट रेघ. साइक्सची चोच लांब, खालची बाजू जवळजवळ पूर्ण फिकी, शेपटीही लांब, भुवई पुसट. पक्षी अगदी आडवा बसलेला असेल तरच मी चोच पिक्सेलमध्ये मोजतो आणि डोक्याच्या लांबीशी ताडून बघतो. जरा तिरका असला तरी चोच आखूड दिसते आणि साइक्सचा बूटेड होतो. असे सगळे ‘दोघांपैकी एक’ या फोल्डरात जातात. ते फोल्डर सगळ्यात जाड आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. कर्नल साइक्स यांनी हा पक्षी आपल्याच दख्खनमधून १८३२ साली वर्णिला, तरी पुढे बराच काळ तो बूटेडचीच उपजात म्हणून गणला जात होता. मग जुन्या याद्यांत नुसतं ‘बूटेड’ दिसलं की मी ते दोघांचं मिळून धरतो.

मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपला ठिकाण आणि महिना सांगितला की ते यादी छोटी करून देतं, तेवढ्यापुरतं ते चांगलं. या दोघांतला निवाडा मी त्याच्यावर सोपवत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: रॉ फाइल, शटर १/१६०० च्या आसपास, आकाश मागे असेल तर एक्स्पोजर थोडं वर, फोकसचा एकच बिंदू. नाहीतर काटे लख्ख येतात आणि पक्षी धूसर.

पुढचं काम आवाजाचं. घाणेरीच्या जाळीतून येणारा ब्लिथ्सचा ठसठशीत ‘चक्‌’ ऐकला की आधी फोनवर रेकॉर्डिंग आणि मगच फोटो, म्हणजे वेळ जुळवून दोन्ही एकाच पक्ष्याच्या नावावर टाकता येतात. एप्रिलमध्ये हे पक्षी उत्तरेकडे निघण्याआधी हे उरकायचंय.

आणि कुणाकडे मार्चमधले, पिसं झिजलेले साइक्स असतील तर दाखवा. चोच बाजूने दिसणारेच हवेत, सुंदर नसले तरी चालतील.