बॉस्टनपासून तासाभरावर

भारतातून येणारे पाहुणे बॉस्टन बघून आमच्याकडे, ऱ्होड आयलंड राज्याच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्सला उतरतात आणि हमखास विचारतात, "एवढंसं हे ऱ्होड आयलंड, मॅसॅच्युसेट्समध्येच का नाही हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

हाकलून दिलेल्यांनी वसवलं, म्हणून. मॅसॅच्युसेट्स वसवणारे प्युरिटन लोक, म्हणजे इंग्लंडच्या चर्चवर नाराज असलेले कडवे ख्रिस्ती, धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून आले हे खरं, पण ते त्यांना आपल्यापुरतंच हवं होतं. रॉजर विल्यम्स त्यांच्यातलाच एक पाद्री, त्यांच्याहूनही कडवा. माणसाच्या आणि देवाच्या मध्ये सरकारने दंडुका घेऊन येऊ नये, असं तो म्हणे. शिवाय इथली जमीन मूळ रहिवाशांची, ती वाटून टाकायचा हक्क इंग्लंडच्या राजाला नाही, असंही म्हणे. मला वाटतं, हे दुसरं जास्त झोंबलं असणार. सगळ्यांची घरं त्याच जमिनीवर उभी होती ना! ऑक्टोबर १६३५ मध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला. पकडून जहाजात चढवायचा बेत कळताच जानेवारीच्या बर्फात तो निसटला.

तो हिवाळा त्याने काढला वाम्पनोआग लोकांच्या आसऱ्याने, त्यांचा प्रमुख मॅसासॉइटच्या मुलखात. मग शेजारच्या नॅरागॅन्सेट लोकांचा प्रमुख कॅनॉनिकस आणि त्याचा पुतण्या मियांटोनोमी यांनी जागा दिली, तेच हे प्रॉव्हिडन्स. १६३८ च्या दस्तावर सहीच्या जागी एकाने धनुष्य काढलंय, दुसऱ्याने बाण. नुसत्या पैशाने ही जमीन मिळाली नसती, हे विल्यम्सनेच लिहून ठेवलंय. त्यांची भाषा तो शिकला, १६४३ मध्ये तिच्यावर लंडनला पुस्तकही छापलं. वसाहतीला मिळालेल्या १६६३ च्या सनदेत तर धर्ममतावरून कुणाला छळायचं नाही, असं लेखी आलं. सनद अर्थात राजाचीच. ज्याला जमीन वाटायचा हक्क नाही म्हटलं होतं, त्याच गादीकडून घ्यावी लागली.

इथवर पाहुणे खूश असतात.

१६७५ मध्ये युद्ध पेटलं. वसाहतींविरुद्ध उभा राहिला तो मेटाकॉम, त्याच मॅसासॉइटचा मुलगा. डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेक्टिकटच्या फौजेने नॅरागॅन्सेटांचा दलदलीतला कोट बायकामुलांसकट जाळला. मार्चमध्ये प्रॉव्हिडन्स जळलं, सत्तरी ओलांडलेल्या विल्यम्सचं घरही गेलं. ऑगस्टात, युद्धात पकडलेल्या मूळ रहिवाशांचं काय करायचं हे ठरवायला गावाने समिती नेमली. तीत विल्यम्स होता. पाच वर्षांखालच्या पोराने तिशीपर्यंत राबायचं, त्याहून मोठ्यांनी किती, असा वयवार तक्ताच केला आणि विक्रीचे पैसे गावकऱ्यांत वाटले.

प्रॉस्पेक्ट टेरेसवर त्याचा पुतळा आहे, शहराकडे तोंड करून. पाहुण्यांचे फोटो मीच काढते. पूर्वी तक्त्याची गोष्ट फोटो झाल्यावर, गाडीत बसताना सांगायचे. हल्ली आधी सांगते.