सही करणाऱ्यालाच भीती

आज शेजारच्या काकूंबरोबर त्यांच्या मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. आजोबांच्या शाळेचा दाखला जोडलाय, कडा झिजलेला पण अक्षर स्वच्छ. तरी पुन्हा 'त्रुटी'चा, म्हणजे कागद अपुरे असल्याचा, शेरा. कारकून हळूच म्हणाले, "ताई, दिला आणि उद्या तक्रार झाली तर चौकशी आमची. अडवला तर कोण विचारतंय?"

राग आला, पण माणूस खरं बोलत होता. जाणूनबुजून खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याला 2000 सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि ती हवीच. उलट खरा दाखला रखडवला तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात दंड 500 ते 5000 रुपये. तोही बहुतेक वेळा अर्जदाराने अपिलं केली तर. रोजंदारी बुडवून अपील कोण करणार? शिवाय त्रुटी काढली की कागदोपत्री उशीर दिसतच नाही. मग प्रामाणिक माणूसही आणखी एक कागद मागतो.

विनाकारण काढलेल्या त्रुटी अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात, म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनात, मोजल्या गेल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. कॉलेजच्या प्रवेशाची तारीख जवळ आलीय. काकूंचं अपील आज रात्रीच लिहून देतेय. कुणी असं अपील केलं असेल तर मसुदा पाठवा.