तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरा अर्थ कवीचाच कशावरून?

‘एका श्लोकाचे दोन अर्थ सांगता, पण दुसरा कवीच्या मनात होता कशावरून?’ श्लेषाचा, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ साधणाऱ्या अलंकाराचा, विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो, आणि तो रास्तच आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात घेतलेला एक श्लोक बघा. दरिद्री याचक राजाला म्हणतो:

पृथुकार्तस्वरपात्रं भूषितनिःशेषपरिजनं देव ।
विलसत्करेणुगहनं संप्रति सममावयोः सदनम् ॥

महाराज, सध्या आपल्या दोघांचं घर सारखंच! राजाकडे ‘पृथु-कार्तस्वर-पात्र’, सोन्याची मोठाली भांडी. याचकाचं घर ‘पृथुक-आर्तस्वर-पात्र’, पोरांच्या आक्रोशाचं ठिकाण. तिकडे सारे सेवक ‘भूषित’, दागिन्यांनी नटलेले. इकडे घरची माणसं ‘भू-उषित’, भुईवर पडलेली. राजाच्या दारी ‘विलसत्-करेणु’, डौलदार हत्तिणींची दाटी. याचकाकडे ‘बिलसत्क-रेणु’, बिळातल्या उंदरांनी उकरलेली धूळ. किती करुण, आणि किती नेमकं!

शाळेत शिकलेल्या ‘शंकरास पूजिले सुमनाने’मध्ये (सुमन म्हणजे फूल आणि चांगलं मनही) शब्द तोडावा लागत नाही, तो अभंग श्लेष. हा सभंग, शब्द तोडून जुळणारा. मग तोडायचं कुठे? आधी दीर्घ स्वर तपासा. पृथुक + आर्त, भू + उषित: दोन्हीकडे सवर्णदीर्घ संधीने (दोन सजातीय स्वर मिळून एक दीर्घ स्वर होतो तिने) सांधा बुजवला आहे. तिसऱ्या ठिकाणी नुसता ‘क’ मागच्या शब्दाला चिकटतो. तिथे ‘वि’चा ‘बि’ होतो, पण ब-व एक मानायची मुभा श्लेषात परंपरेनेच दिलेली आहे.

चुकतं ते बहुधा इथे: एखादं अक्षर उरतं आणि वाचणारा ते सोडून देतो. दोन्ही वाचनांत प्रत्येक अक्षर कामी आलं पाहिजे. उरलं, तर तो अर्थ आपला, कवीचा नव्हे. शिवाय कवी साक्षीदार ठेवतो. इथे ‘सम’ आणि द्विवचनी ‘आवयोः’ दोन घरं शोधायला लावतात. दुसरी चूक कोशातला भलताच अर्थ उचलण्याची. ‘पृथुक’ म्हणजे पोहेही (आपला ‘पोहे’ शब्द त्यातूनच आलेला), पण आक्रोश पोहे करत नाहीत. इथे ‘मूल’ हाच अर्थ हवा.

शेवटी प्रतिशब्द घालून बघा. ‘कार्तस्वर’च्या जागी ‘सुवर्ण’ ठेवा: राजाची भांडी सोन्याचीच राहतात, पोरांचं रडणं मात्र नाहीसं होतं. म्हणूनच मम्मट याला शब्दालंकारांत, म्हणजे शब्द बदलला की नाहीशा होणाऱ्या अलंकारांत, धरतो.