हब लागले आणि जीप आवळली

आधी चांगली बातमी. दोन्ही फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं त्यांच्या शाफ्टला जोडणारी-सोडवणारी डायलवाली टोपणं) आता खटकन लागतात आणि खटकन सुटतात. उजव्या हबची डायल अर्ध्यावर अडकत होती, ते मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. उघडून पाहिलं तर आतल्या ग्रीसचं पार मेण झालेलं. रॉकेल आता मिळतंय कुठे, म्हणून सगळे भाग डिझेलमध्ये भिजत घातले, स्प्रिंग नवीन टाकली, दातांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या आणि ग्रीस अगदी हात राखून लावलं. हबमध्ये ग्रीस कोंबणाऱ्यांनो, तुमच्यामुळेच ते जाम होतात. सध्या येता-जाता डायल फिरवून तो 'खट्' ऐकण्याचा छंद लागलाय. घरच्यांनी दुर्लक्ष करायला सुरुवात केली आहे.

आता दुसरी बातमी. हब लागले आणि जीपने चालायचंच नाकारलं.

गाडी तीच, उंच बॉनेटची सीजे-३बी. हरिकेन पेट्रोल इंजिन, टी-९० गिअरबॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), ६.००-१६ टायर. माझ्याकडे आली तेव्हापासून हब मेलेले होते, म्हणजे फोर-बाय-फोरचा लिव्हर टाकला तरी पुढची चाकं नुसती सोबतीला. हब दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदाच पुढच्या अॅक्सलला खरं काम मिळालं. कर्जतजवळ मावसभावाच्या शेताकडे जाणारा मुरमाचा सरळ रस्ता आहे. तिथे फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) टाकला आणि थोडं पुढे जातो न जातो तोच कुणीतरी मागून दोरी बांधून खेचावं तशी गाडी जड झाली. क्लच दाबला तर गाडी जागच्या जागी थबकली. लिव्हर ओढला, हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. रिव्हर्समध्ये थोडी मागे घेतल्यावर खालून 'धाड' असा आवाज आला आणि लिव्हर आपोआप सुटल्यासारखा हातात आला.

मावसभाऊ म्हणाला, "दादा, ते वाइंड-अप म्हणतात ना, तेच असेल. पार्ट-टाइमवाल्या सगळ्याच गाड्या आवळतात."

आवळतात, खरंय. पण कधी आवळतात, हाच तर प्रश्न आहे. नव्या मंडळींसाठी हिशोब एकदा मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्या पार्ट-टाइम ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, नसतं. फोर-बाय-फोर टाकलं की दोन्ही शाफ्ट थेट जोडले जातात. एक जेवढे फेरे मारेल तेवढेच दुसऱ्याने मारायचे. सरळ जाताना कुणाची तक्रार नसते. वळताना मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची आतून, लहान वर्तुळावरून. सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे साधारण २.०३ मीटर. मागच्या अॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धरला तर पुढच्याचा मध्य ५.४ मीटरवर येतो. पूर्ण वर्तुळात मागचा ३१.४ मीटर चालतो, पुढचा जवळपास ३३.९. अडीच मीटरचा फरक. नुसत्या काटकोनातल्या वळणाचं पाहिलं तरी फरक ६० सेंटिमीटरच्या वर जातो, आणि ५.३८ च्या क्राऊन-पिनियनमधून (शाफ्टचे ५.३८ फेरे म्हणजे चाकाचा एक) तो शाफ्टवर आला की दीड फेरा होतो. तो दीड फेरा जाणार कुठे?

चिखलात, वाळूत, सैल खडीवर एखादं चाक हळूच घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग अॅक्सल आणि शाफ्ट पीळ खातात. पुढचा अॅक्सल गाडी ओढत असतो आणि मागचा ब्रेक लावत असतो, किंवा त्याच्या उलट. इंजिनचा यात संबंधच उरत नाही, दोन अॅक्सल आपसातच भांडतात. ट्रान्सफर केसमधल्या सरकत्या गिअरचे दात या पिळामुळे एकमेकांवर इतके दाबले जातात की लिव्हर हलत नाही. त्यावर हातोडी घालायची नसते, तिथे फक्त पीळ सोडायचा असतो. ज्या वळणाने आलात त्याच वळणाने मागे जा, किंवा एका बाजूची चाकं मातीत उतरवा. जॅक लावून चाक उचललं तरी पीळ सुटतो, पण ते चाक झटक्यात फिरतं. कुणाचा हात जवळ असेल तर विचारू नका.

आता माझी अडचण बघा. मी सरळ चाललो होतो, तेही मुरमावर. तिथे आवळायचं कारणच नव्हतं. मागे वळून चाकोरी पाहिली तर टायरची नक्षी उमटायला हवी तिथे नुसता पुसलेला पट्टा होता. म्हणजे चाकं सतत घसपटत होती.

पहिला संशय टायरवर. पुढे-मागे वेगवेगळी झीज असेल तर सरळ रस्त्यावरही गाडी आवळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलुंडला परत आल्यावर टायरवर खडूची खूण केली, जीप एक फेरा ढकलली, जमिनीवर मोजलं. चारही चाकं २२० सेंटिमीटरच्या आसपास, फरक बोटभरही नाही. टायर निर्दोष. मग शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस तपासले, बेअरिंग तपासली, ब्रेक कुठे घासतोय का ते पाहिलं. सगळं ठीक.

खरा धागा सापडला तो सोसायटीच्या आवारात, पेव्हर ब्लॉकवर. रविवारी सकाळी सेक्रेटरीकाका फिरायला बाहेर पडायच्या आत हब लावले, फोर-हाय टाकला आणि पहिल्या गिअरमध्ये सरळ निघालो. काही मीटरमध्ये टायर किंचाळले, इंजिन बंद. पीळ सोडला, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं आणि पुन्हा निघालो. जीप लोण्यासारखी फिरली! कोरड्या ब्लॉकवर, फुल लॉकमध्ये, फोर-बाय-फोरमध्ये, ना आवाज ना धक्का. मग परत सरळ, परत किंचाळी. पुस्तकात लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं.

काका तोवर खाली आले होतेच. "अहो, हे नक्की चाललंय काय?" म्हणाले. त्यांना काय सांगणार की मी आनंदात आहे.

कारण हे उलटं वागणं एकाच गोष्टीने होऊ शकतं. पुढचं चाक शाफ्टच्या एका फेऱ्याला मागच्यापेक्षा जास्त फिरतंय. सरळ जाताना ते जास्तीचं फिरणं आडवं येतं, आणि वळताना पुढच्या चाकाला तेच हवं असतं. म्हणजे क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर पुढे एक, मागे दुसरं.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे, साधन म्हणजे जॅक आणि खडू. गिअरबॉक्स न्यूट्रल, ट्रान्सफर केस न्यूट्रल, एकच चाक उचलायचं, दुसरं जमिनीवर. शाफ्टच्या फ्लॅंजवर आणि टायरवर खूण करायची. डिफरन्शियलमुळे एकट्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. एक इशारा: या जीपचा हँडब्रेक मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचं चाक मोजताना तो सोडावाच लागतो, आणि ओढलेला असला तरी एक मागचं चाक हवेत असताना तो गाडी धरत नाही. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मी लाकडाचे ठोकळे लावले आणि वर विटाही लावल्या.

मागचं चाक १६ वेळा फिरवलं, शाफ्टचे बरोबर ४३ फेरे झाले, खूण खुणेवर आली. पुढे हब लावून तेवढेच फेरे फिरवले आणि शाफ्ट ३९ वर थांबला, खूण खुणेवर. मागे ४३-८ (क्राऊनचे ४३ दात, पिनियनचे ८), पुढे ३९-८. ५.३८ आणि ४.८८. पुढच्या हौसिंगचं कव्हर उघडलं तेव्हा क्राऊनच्या कडेवर ३९-८ कोरलेलं दिसलं, तरी त्याआधी खडूने सांगितलं होतं याचा आनंद वेगळाच. कव्हरच्या बोल्टखाली दातांचा आकडा असलेली पत्र्याची पट्टी असते, ती अर्थातच गायब. हौसिंगवरच्या रंगाचा थरही मागच्यापेक्षा वेगळा आहे. कधीतरी कुणीतरी अख्खा पुढचा अॅक्सल दुसऱ्या जीपचा आणून बसवला, आणि हब मेलेले असल्यामुळे ते उघडकीला आलंच नाही.

आकड्यांत बघा: पुढचं चाक मागच्यापेक्षा १० टक्क्यांनी जास्त फिरायला बघतं. एका फेऱ्याला २२ सेंटिमीटर. सरळ २५ मीटर गेलो की एक अख्खं वर्तुळ मारल्याएवढा पीळ साठतो. आणि फुल लॉकमध्ये वळणाचा फरकही १० टक्क्यांच्याच आसपास येतो, म्हणून तिथे जीप शहाण्यासारखी वागते.

हे सगळं करताना एक वाद पुन्हा उकरून काढायची खुमखुमी आली. आपल्यातले काही जण पावसाळ्यात वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर फोर-हाय टाकून फिरतात, "ओला रस्ता आहे, घसरायला नको" म्हणून. ओलं डांबर हे डांबरच असतं. साध्या उड्डाणपुलाच्या वळणावर ते चाकाला घसरू देत नाही, आणि जिथे देतं तिथे चारही चाकं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळायचं सोडून सरळ पुढे जाते. हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेत साचलेल्या पाण्यातही तेच. खाली रस्ता पक्काच असतो, तिथे प्रश्न हवा इंजिनमध्ये कुठून जाते आणि पंखा पाणी कुठे उडवतो याचा आहे. घाटात दरड येऊन रस्त्यावर चिखल पसरला असेल तर जरूर टाका. चिखलात शिरायच्या आधी, सरळ रेषेत, हळू वेगात टाका आणि चिखल संपला की काढा. रुतल्यावर टाकणं म्हणजे उशीर. नवी थार आणि जिम्नीसुद्धा या बाबतीत आपल्याच पंगतीतल्या आहेत, त्यांच्याही ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नाही. ज्यांना डांबरावर चारही चाकं हवीत त्यांनी मधल्या डिफरन्शियलची गाडी घ्यावी.

आता उपाय. सरळ मार्ग म्हणजे पुढे ५.३८ ची जोडी टाकायची. ऑपेरा हाऊसला विचारायला गेलो तर काउंटरवरच्या माणसाने न बघता सांगितलं, "जीप का सब एकही आता है." दात किती, हे विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी भाजीवाल्याला भेंडीतल्या बिया मोजायला सांगितल्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मालाचा एक जण निदान डबा उघडून दाखवतो. त्याच्याकडे पुढच्या हौसिंगची ४३-८ नव्हती.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. मागच्या पिनियनचं ऑइल सील गळतंय, ते हौसिंग उघडायचंच आहे. मग मागेच ४.८८ का टाकू नये? मागच्या डॅना ४४ ची जोडी मिळणं त्यातल्या त्यात सोपं, कुर्ल्याच्या त्या माणसाकडे एक आहेही. तोटा म्हणजे लो-रेंजमधली (हळू वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरमधली) ताकद: पहिला गिअर २.८, लो २.४६, आणि ५.३८ असा गुणाकार ३७ येतो, तो ३३.६ होईल. शेतातल्या बांधांना तेवढं पुरेल असं वाटतं. फायदा म्हणजे हायवेवर इंजिन एवढं बोंबलणार नाही, आणि शेताकडे जाताना बहुतेक रस्ता हायवेच असतो. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवर असल्याने काटा ५० दाखवील तेव्हा गाडी ५५ ला असेल, ते लक्षात ठेवावं लागेल.

मेस्त्रींना फोन केला. "टाका हो मागेच," म्हणाले, "पण क्राऊन आणि पिनियन जोडीचेच आणा. एक इथला, एक तिथला नको. दातांना शेंदूर लावून मी बघेन कुठे टेकतात ते, मग शिमच्या पातळ चकत्या टाकू. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघितल्याशिवाय कव्हर लावायचं नाही." शेंदूर तेलात कालवून दातांवर लावायची त्यांची सवय मला मार्किंग ब्लूपेक्षा जास्त आवडते. चकाकत्या दातावर लाल रंग कुठे पुसला गेला ते लांबूनही दिसतं.

म्हणजे ठरलं, मागे ४.८८. ज्यांनी सीजेमध्ये मागे ४.८८ टाकून लो-रेंजमध्ये चढ चढलेत, त्यांनी इंजिन कितपत कुरकुरतं ते जरूर सांगा. पेट्रोल हरिकेनचाच अनुभव हवा, डिझेलवाल्यांचं गणित वेगळं आहे. तोवर हब फ्री, लिव्हर टू-व्हीलमध्ये. येत्या शनिवारी कुर्ल्याला जातोय. सोबत खडू नेणार आहे, आणि दात मोजून ३९ आणि ८ भरल्याशिवाय पाकीट खिशातून बाहेर काढणार नाही.